विश्लेषण : क्लाउडमधील डेटा कोठाराची किल्ली कोणाकडे? ऑटोमेशनच्या जोडणीत नेमका धोका कुठे?

स्वतःचा कोड क्लाउडमधील डेटा वेअरहाउसला जोडणे आता काही मिनिटांचे काम झाले आहे. मात्र ही जोडणी कोणत्या किल्लीने उघडते, ती दिवसातून किती वेळा चालते आणि मध्येच तुटली तर काय होते, हे तीन प्रश्न अनेकदा विचारलेच जात नाहीत. त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२४ आणि २०२५ मधील घटनांनी दाखवून दिले.

डेटा वेअरहाउस म्हणजे काय?

बँकेचे रोजचे व्यवहार ज्या डेटाबेसमध्ये नोंदले जातात, तो एकेक नोंद झटपट लिहिण्या-वाचण्यासाठी बांधलेला असतो. ‘गेल्या तीन वर्षांत कोणत्या जिल्ह्यात किती कर्जे थकली?’ असा प्रश्न त्याच डेटाबेसला विचारला, तर रोजचे काम मंदावते. म्हणून विश्लेषणासाठीचा डेटा वेगळा साठवला जातो. हेच डेटा वेअरहाउस, म्हणजे डेटाचे कोठार. पूर्वी त्यासाठी कंपन्यांना महागडे सर्व्हर विकत घ्यावे लागत. गूगलने २०१० मध्ये ‘बिगक्वेरी’ आणि ॲमेझॉनने २०१२ मध्ये ‘रेडशिफ्ट’ ही सेवा जाहीर केली. २०१२ मध्येच ‘स्नोफ्लेक’ ही कंपनी स्थापन झाली. आता वापराल तेवढेच पैसे द्यायचे, अशी सोय आहे.

मग स्वतःचा कोड कशासाठी?

कोठार तयार मिळते, पण त्यात माल भरावा लागतो. समजा, एखाद्या कंपनीची विक्री संकेतस्थळावर होते, पैसे पेमेंट गेटवेमधून येतात आणि तक्रारी ईमेलवर येतात. तिन्ही ठिकाणच्या नोंदी गोळा करायच्या, तारखा एकसारख्या करायच्या, रद्द झालेल्या ऑर्डर वगळायच्या आणि मग वेअरहाउसमध्ये टाकायच्या. हे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. ते पायथन किंवा जावास्क्रिप्टमधील छोट्या कोडमध्ये लिहिले जातात. हा कोड ठरल्या वेळी चालवण्याचे काम वर्कफ्लो ऑटोमेशनची साधने करतात. एअरबीएनबी कंपनीत २०१४ मध्ये सुरू झालेले आणि पुढे सर्वांसाठी खुले झालेले ‘एअरफ्लो’ हे अभियंत्यांमध्ये लोकप्रिय आहे. ‘झॅपियर’ आणि ‘एनएटएन’ यांसारख्या साधनांत पडद्यावर चौकटी जोडून काम होते आणि हवी तिथे स्वतःच्या कोडची चौकटही टाकता येते.

जोडणी प्रत्यक्षात कशी होते?

टप्पे चार. पहिला, कोड कधी चालणार हे ठरवणारा इशारा. तो घड्याळाचा असेल किंवा ‘नवी ऑर्डर आली’ अशा घटनेचा. दुसरा, नोंदी स्वच्छ करणारा कोड. तिसरा, वेअरहाउसला ‘मी कोण’ हे सिद्ध करणारी ओळख, म्हणजे पासवर्ड, टोकन किंवा गुप्त किल्ली. चौथा, प्रत्यक्ष नोंदी लिहिणारी एसक्यूएल आज्ञा. यातील तिसरा टप्पा एका ओळीचा असतो. म्हणून त्यावर सर्वांत कमी विचार होतो आणि घात तिथेच होतो. माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याच्या मोबाइलवर ओटीपी येऊ शकतो. रात्री दोन वाजता चालणाऱ्या कोडसाठी ओटीपी टाकायला कोणी बसलेले नसते. त्यामुळे कोडला दिलेली किल्ली अनेकदा कायमची, एकट्या पासवर्डची आणि नको तेवढे अधिकार असलेली असते.

२०२४ मध्ये काय घडले?

स्नोफ्लेकच्या अनेक ग्राहक कंपन्यांचा डेटा २०२४ मध्ये चोरीला गेला. सुमारे १६५ संस्थांना धोक्याची सूचना देण्यात आल्याचे तपास करणाऱ्या मँडियंट कंपनीने त्या जूनमध्ये सांगितले. स्नोफ्लेकची स्वतःची यंत्रणा फोडल्याचा पुरावा मिळाला नाही. चोरांनी कुलूप तोडले नव्हते. त्यांच्याकडे किल्ल्याच होत्या. संगणकातील पासवर्ड चोरणाऱ्या मालवेअरमधून त्या मिळाल्या होत्या आणि त्यातील काही तर २०२० पासून बदललेल्याच नव्हत्या. बळी पडलेल्या खात्यांवर पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. काही प्रकरणांत कंत्राटदारांच्या लॅपटॉपमधून पासवर्ड फुटले आणि तेच लॅपटॉप गेम आणि पायरेटेड सॉफ्टवेअर यांसाठीही वापरले जात होते. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले, की तिच्या जवळजवळ सर्व मोबाइल ग्राहकांच्या २०२२ मधील सुमारे सहा महिन्यांच्या कॉल आणि मेसेजच्या नोंदी बाहेर गेल्या. संभाषणाचा मजकूर त्यात नव्हता, पण कोणी कोणत्या क्रमांकाशी संपर्क केला हे होते.

ऑटोमेशनच्या साधनातूनही चोरी होते?

होय. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सेल्सलॉफ्ट ड्रिफ्ट’ या चॅट साधनाची टोकन चोरीला गेली. ही टोकन ग्राहकांच्या ‘सेल्सफोर्स’ खात्यांशी जोडणी करण्यासाठी दिलेली होती. त्यांच्या आधारे शेकडो संस्थांच्या खात्यांतील डेटा काढण्यात आला. गूगलच्या सुरक्षा पथकानुसार, चोर त्या डेटात पुढच्या किल्ल्या शोधत होते. त्यात ॲमेझॉन क्लाउडच्या किल्ल्या, पासवर्ड आणि स्नोफ्लेकची टोकन यांचा समावेश होता. एका जोडणीतून दुसरी जोडणी उघडण्याचा हा प्रकार होता.

मग पर्याय काय?

स्नोफ्लेकने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ पासवर्डवर चालणारे लॉगिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. कोडसाठी किल्ल्यांची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली वेअरहाउसकडे नोंदवायची आणि खासगी किल्ली स्वतःकडे ठेवायची. खासगी किल्ली नेटवर्कवरून जातच नाही. स्नोफ्लेकमध्ये एका खात्याला दोन सार्वजनिक किल्ल्या नोंदवता येत असल्याने काम न थांबवता जुनी बदलता येते. कोड क्लाउडमध्येच चालत असेल, तर काही वेळाने आपोआप संपणारे टोकन घेण्याची सोय आहे. त्यात कायमची किल्ली ठेवावीच लागत नाही. याशिवाय तीन साधे नियम. किल्ली कोडमध्ये लिहू नये. ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच प्रवेश द्यावा. ऑर्डर टाकणाऱ्या कोडला फक्त ऑर्डरच्या तक्त्यापुरताच अधिकार द्यावा, म्हणजे किल्ली चोरीला गेली तरी अख्खे कोठार उघडणार नाही.

बिल कसे फुगते?

स्नोफ्लेकमध्ये संगणनशक्ती सुरू असेल तितक्या सेकंदांचे बिल होते, पण ती दर वेळी जागी झाली की किमान ६० सेकंदांचे पैसे लागतात. समजा, पाच सेकंदांचे काम करणारा कोड दर पाच मिनिटांनी चालतो. दिवसाला २८८ फेऱ्या झाल्या. खरे काम २४ मिनिटांचे. मात्र काम संपल्यावर यंत्रणा ६० सेकंदांनी झोपेल असे ठरवले असेल, तर बिल पाच तासांहून अधिक वेळाचे येते. ही मर्यादा १० मिनिटे असेल, तर ती कधी झोपतच नाही आणि बिल २४ तासांचे होते. नोंदी साठवून तासातून एकदाच टाकल्या, तर बराच खर्च वाचतो. बिगक्वेरीच्या नेहमीच्या पद्धतीत वाचलेल्या डेटाच्या आकारावर पैसे लागतात. तिथे ‘फक्त दहा ओळी दाखव’ असे सांगूनही सर्वसाधारण तक्त्यात बिल कमी होत नाही.

एकच नोंद दोनदा गेली तर?

वेअरहाउसने नोंद लिहिली, पण ‘झाले’ हा निरोप परत येण्याआधी नेटवर्क तुटले, तर ऑटोमेशनचे साधन काम फसले असे समजते आणि पुन्हा प्रयत्न करते. एक ऑर्डर दोनदा लिहिली जाते आणि महिनाअखेरीस विक्रीचा आकडा फुगतो. चुकीचा संदेश कुठेच दिसत नसल्याने ही चूक उशिरा सापडते. उपाय असा, की नोंद थेट जोडण्याऐवजी ‘मर्ज’ आज्ञा वापरावी. हा ऑर्डर क्रमांक आधीच असेल तर ती ओळ अद्ययावत करायची, नसेल तरच नवी लिहायची. कोड दोनदा चालला तरी निकाल एकच यायला हवा.

भारतात याचा अर्थ काय?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम कंत्राटदाराकडे दिले असले, तरी जबाबदारी मूळ कंपनीचीच राहते. पुणे, मुंबईतील अनेक अभियंते परदेशी ग्राहकांसाठी हेच काम करतात. त्यांच्या लॅपटॉपमध्ये राहून गेलेला एक जुना पासवर्ड दुसऱ्या देशातील लाखो लोकांच्या नोंदी उघडू शकतो. आपल्या कोणत्या कोडकडे कोणती किल्ली आहे आणि ती शेवटची कधी बदलली, याची यादी प्रत्येक कंपनीकडे असायला हवी. जिथे अशी यादी नाही, तिथे कामाची सुरुवात ती तयार करण्यापासूनच करावी लागेल.