आजीची बाटली

माझ्या ट्रंकेत आजीने दिलेली अंगठ्याएवढी बाटली असते. लवंगेच्या तेलाची. झाकण उघडले की सगळ्या डॉर्मला कळते.

लवंग म्हणजे झाडाची न उमललेली कळी. ती फुलायच्या आत तोडतात, वाळवतात आणि वाफेवर तिचे तेल काढतात. त्यातला मुख्य घटक युजेनॉल. तो नसा बधिर करतो, जंतूही मारतो. दातांचे डॉक्टर जे तात्पुरते सिमेंट भरतात त्यात झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल असते. त्यांच्या दवाखान्याचा वास तोच. शिवाय हे तेल पाण्यात तळाशी बसते. मी मेसच्या ग्लासात करून पाहिले. ग्लास तीनदा घासावा लागला.

जपानमध्ये तलवार गंजू नये म्हणून तिला ‘चोजी’ तेल लावतात. चोजी म्हणजे लवंग. रायफल साफ करताना हे मी उस्तादांना सांगितले. ते म्हणाले, “पहले पुल-थ्रू मार!”

लवंगेचे मूळ घर म्हणजे इंडोनेशियातली मोलुक्का बेटे. तिथे मूल जन्मले की लवंगेचे रोप लावायची चाल होती. झाड मेले तर मुलाचे काही खरे नाही, असे लोक मानत. 1652 मध्ये डचांनी तेर्नातेच्या सुलतानाशी करार केला आणि भाव चढा राहावा म्हणून बेटांमागून बेटांवरची झाडे तोडवली. आपल्या मुलाच्या नावाचे झाड पडताना पाहणाऱ्या आईला काय वाटले असेल?

आता माझी गोष्ट. क्रॉस कंट्रीच्या निवडीआधी माझी दाढ ठणकू लागली. नाव कटेल म्हणून कोणाला सांगितले नाही. आठ रात्री कापसाच्या बोळ्यावर तेल घेऊन दाढेत दाबत राहिलो. ठणका थांबायचा. नवव्या दिवशी गाल सुजला, निव्वळ तेलाने हिरडी भाजून पांढरी पडली होती, आणि आत पू झाला होता. दुखणे थांबले होते, कीड नाही. निवड हुकलीच.

रविवारी फोनवर आजी म्हणाली, “अरे, एका रात्रीपुरतं दिलं होतं मी ते! आणि खोबरेल कुठं गेलं?” एका थेंबाला चमचाभर खोबरेल तेल, हे मी ऐकून विसरलो होतो.

आता कोणी बाटली मागितली तर देतो. पण सकाळी एमआय रूमच्या वहीत त्याचे नावही लिहून येतो. ज्युनियर फार चिडतात.