असुरांची हिमगौरी

जपानी मुलं हिमगौरीला 'शिरायुकी-हिमे' म्हणतात. 'शिरा' म्हणजे पांढरं, 'युकी' म्हणजे बर्फ आणि 'हिमे' म्हणजे राजकन्या. (या 'हिमे'चं आपल्या 'हिमा'शी काही नातं नाही, हा निव्वळ योगायोग.) १९७२ साली काझुओ कोइके या लेखकाने या नावातलं एक अक्षर बदललं. 'शि'च्या जागी 'शु' बसवला आणि शिरायुकीची 'शुरायुकी-हिमे' झाली. काझुओ कामिमुरा या चित्रकाराच्या साथीने त्याने याच नावाची चित्रकथा एका साप्ताहिकात सुरू केली आणि १ डिसेंबर १९७३ला तिच्यावरचा चित्रपट जपानमध्ये लागला. बाकीचं जग त्याला 'लेडी स्नोब्लड' म्हणून ओळखतं. त्या इंग्रजी नावात मूळची अक्षराची करामत हरवते. मराठी वाचकाला मात्र ती चटकन उमगेल, कारण तो बदललेला शब्द इथूनच तिकडे गेलेला आहे. 'शुरा' म्हणजे असुर.

संस्कृतातला असुर बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेला, तिथल्या लिपीत बसवला गेला, जपानला पोचेपर्यंत 'आशुरा' झाला आणि पुढे नुसता 'शुरा' उरला. आपल्याकडे असुरातला 'अ' काढला तर देव हाती लागतो. जपानीत तो गळला तरी असुर असुरच राहिला! बौद्ध कल्पनेप्रमाणे जीव सहा गतींमधून फिरत असतो: देव, माणूस, असुर, पशू, प्रेत आणि नरक. त्यातली असुरगती म्हणजे कधीच न संपणारी लढाई. तिथे जिंकणाऱ्यालाही थांबता येत नाही. हा शब्द जपानी बोलण्यात आजही जिवंत आहे. 'शुराबा', म्हणजे असुरांची जागा, हे रक्तपाताच्या प्रसंगाला म्हणतात, घरातल्या कडाक्याच्या भांडणाला म्हणतात, आणि अंक छापायला जायच्या आदल्या रात्री चित्रकथा काढणाऱ्यांची जी धांदल उडते तिलाही म्हणतात.

नारा शहरातल्या कोफुकु-जी मंदिरात या असुराची ७३४ सालची मूर्ती आहे. तीन तोंडं, सहा हात, उंची दीड मीटरच्या आसपास. कापडावर लाखेचे थर चढवून केलेली, आतून पोकळ. मी ती फक्त छायाचित्रांत पाहिली आहे, पण तेवढ्यानेही चकित झालो. असुर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सुळे आणि वटारलेले डोळे येतात. इथे चेहरा आहे कोवळ्या मुलाचा, भुवया किंचित आक्रसलेल्या. तो चिडलाय की आता रडेल, हे ठरवता येत नाही. 'लेडी स्नोब्लड'ची नायिका युकी पडद्यावर पहिल्यांदा जवळून दिसते तेव्हा मला हाच चेहरा आठवला.

चित्रपट सुरू होतो तुरुंगात. बाहेर बर्फ पडतोय, आत एक कैदी बाई बाळंत होतेय आणि मुलीला जन्म देऊन मरतेय. मरताना ती त्या मुलीला नाव देते, युकी, आणि त्याबरोबर काम नेमून देते: माझ्या राहिलेल्या वैऱ्यांना मार. या बाईच्या, सायोच्या, शाळामास्तर नवऱ्याला आणि लहान मुलाला चौघांनी मिळून मारलेलं असतं, तिच्यावर बलात्कार केलेला असतो. त्यांतल्या एकाला तिने स्वतः संपवलं आणि जन्मठेप ओढवून घेतली. उरलेल्या तिघांपर्यंत आपले हात पोचणार नाहीत हे कळल्यावर तिने तुरुंगातल्या पहारेकऱ्यांपासून गर्भ राहू दिला, सूड घेणारं मूल हवं म्हणून. म्हणजे युकी जगात आली तीच मुळी हत्यार म्हणून. एक कठोर भिक्षू तिला वाढवतो, पिंपात घालून टेकडीवरून गडगडत सोडतो, तलवार शिकवतो. वीस वर्षांची झाल्यावर ती शोधाला निघते.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, सवंग सूडकथा आहे. आहेच. मलाही पहिल्यांदा पाहताना तसंच वाटलं होतं. पण मग एक प्रश्न डोक्यात राहिला: त्या मास्तराला मारलं का? गोष्टीतलं कारण असं की तो नवा होता, परका होता आणि त्याच्या अंगावर पांढरे कपडे होते. पांढरे कपडे घातले म्हणून खून? लेखकाने हे काहीतरीच रचलंय असं वाटलं. ते रचलेलं नव्हतं.

चित्रपटातला खून १८७३ सालचा आहे, मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीच्या सहाव्या वर्षीचा. त्या जानेवारीत जपानी सरकारने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आणला. तोवर लढणं हे सामुराईंचं काम होतं. आता वीस वर्षांच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला तीन वर्षांसाठी नेता येणार होतं. त्याच्या थोडंच आधी, १८७२च्या अखेरीस, सरकारने लोकांना समजावण्यासाठी एक जाहीरनामा काढला होता. देशासाठी सेवा देणं हाही करच आहे हे सांगताना लिहिणाऱ्याने पाश्चात्त्यांचा एक शब्द वापरला. फ्रेंच लोक लष्करी सेवेला 'रक्ताचा कर' म्हणत. तो शब्द जसाच्या तसा जपानीत उतरला: 'केत्सुझेई'.

गावोगावी लोकांनी तो अक्षरशः घेतला. सरकार आपल्या पोरांचं रक्त काढून नेणार! अफवा पसरल्या आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं रक्त काढायला येणार आहेत असं लोक एकमेकांना सांगू लागले. १८७३च्या मे महिन्यात मिमासाका भागात, म्हणजे आजच्या ओकायामा जिल्ह्यात, मोठा उठाव झाला. हजारो शेतकरी भाले घेऊन बाहेर पडले. त्यांनी सरकारी माणसांची घरं जाळली आणि शाळाही जाळल्या, कारण सक्तीची शाळा हाही त्याच सरकारचा आणि खिशाला चाट लावणारा नवा फतवा होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यासारखं वागवलं जात होतं त्यांना १८७१च्या हुकमाने कागदावर बरोबरीचा दर्जा मिळाला होता. त्यांच्या वस्त्याही या जमावाने पेटवल्या, त्यांतली माणसं मारली. इतिहास त्या वर्षांतल्या अशा सगळ्या उद्रेकांना 'रक्तकराचे दंगे' म्हणतो.

आता चित्रपटातला तो मास्तर पुन्हा पाहा. नवी शाळा, परका माणूस, पांढरे कपडे. त्या काळातल्या तिन्ही भीती एकाच अंगावर! आणि ते चौघं गुंड कोण? भरती टाळून देतो असं सांगून गावकऱ्यांकडून पैसे उकळणारे. खऱ्या कायद्यात २७० येन भरून सुटायची सोय होती, गरीब शेतकऱ्याने कधी पाहिलीही नसेल एवढी ती रक्कम. त्या फटीतच ठगांचा धंदा बसतो. पांढरं बर्फ, पांढरा किमोनो आणि त्यावर उडणारं लालभडक रक्त हे मी इतके दिवस डोळ्यांना सुखावणारी रंगसंगती समजत होतो. त्या लाल-पांढऱ्याची मुळं एका सरकारी कागदातल्या एका शब्दात आहेत हे कळलं त्या दिवशी मी चित्रपट परत पहिल्यापासून लावला.

युकीची तलवार कागदी छत्रीच्या दांड्यात लपवलेली असते. हीही नुसती युक्ती नाही. १८७६ साली सरकारने कंबरेला तलवार लावून फिरायला बंदी केली. सामुराईचा मान ज्या वस्तूत होता तीच बेकायदा झाली. त्यामुळे विसाव्या वर्षी निघालेल्या युकीला आपलं हत्यार झाकूनच न्यावं लागतं. बांबूच्या काड्या आणि तेल पाजलेला कागद यांची ती छत्री उघडली की घरंदाज बाई दिसते, दांडा ओढला की जुना जपान बाहेर येतो.

हे सगळं एवढ्या गंभीरपणे मांडायला त्या काळच्या चित्रपट धंद्याला काही उसंत नव्हती. १९५८ साली जपानमध्ये चित्रपटांची ११२ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली होती. १९७२पर्यंत तो आकडा १९ कोटींच्या आत आला, कारण घरोघर टीव्ही आला होता. टीव्हीवर दाखवता येणार नाही ते दाखवायचं, असा मग धंद्याने मार्ग काढला, म्हणजे उघडी शरीरं आणि रक्त. निक्कात्सु या जुन्या कंपनीने १९७१च्या नोव्हेंबरपासून जवळपास सगळा भर कामुक चित्रपटांवर दिला. तिथली मेइको काजी ही चोवीस वर्षांची नटी तेव्हा कंपनी सोडून गेली. पुढच्याच वर्षी तोएई या दुसऱ्या कंपनीच्या 'विंचू' मालिकेत तिने तुरुंगातली कैदीण उभी केली, जी जवळजवळ बोलतच नाही. सगळं काम डोळ्यांचं. युकीसाठी तीच हवी होती, यात नवल नाही. दिग्दर्शक तोशिया फुजिताने तिच्याबरोबर आधीच काम केलेलं होतं.

'लेडी स्नोब्लड'मध्येही काजीचे डोळे पाहत राहावे असे आहेत. मारताना तिच्या चेहऱ्यावर राग नसतो आणि मारून झाल्यावर समाधानही नसतं. समोरचा माणूस कारंज्यासारखं रक्त उडवत कोसळतो, अगदी अशक्य वाटावं इतकं, आणि तिच्या नजरेत मात्र हिशेबाच्या वहीतली एक ओळ खोडल्याची शांतता. बलात्काराचं दृश्य किंवा नग्नता यांत चित्रपट त्या काळच्या बाजाराला शरण गेलाय, ते मला आजही खटकतं. पण युकीला तो कुठेही बाजारात उभी करत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. याचा छायाचित्रकार मासाकी तामुरा. त्याच सुमारास तो शिन्सुके ओगावाच्या माहितीपटांचंही चित्रण करत होता. तोक्योजवळच्या नारिता विमानतळासाठी सानरिझुकाच्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकार घेत होतं आणि शेतकरी खंदक खणून, स्वतःला झाडांना बांधून घेऊन लढत होते, त्या लढ्याचे ते माहितीपट. सरकार आणि शेतकरी समोरासमोर आले की काय होतं, ते या माणसाने कॅमेरा हातात धरून पाहिलेलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा रक्तकर त्याला परका वाटला असेल असं मला वाटत नाही.

गोष्ट प्रकरणांत विभागलेली आहे. प्रत्येकाला नाव. मध्येच पडदा थांबतो आणि कामिमुराची चित्रं येतात, इतिहास सांगणारा आवाज येतो. क्वेंटिन टॅरँटिनोचा २००३चा 'किल बिल' ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. ती प्रकरणं, बर्फातल्या बागेतलं द्वंद्व, पांढऱ्या किमोनोतली बाई. त्या द्वंद्वानंतर जे जपानी गाणं लागतं ते 'लेडी स्नोब्लड'चंच आहे, 'शुरा नो हाना', म्हणजे असुराचं फूल. शब्द कोइकेचे, आवाज खुद्द काजीचा.

मध्यावर गोष्टीत एक लेखक येतो, र्‍यूरेई. तो युकीची हकिकत वर्तमानपत्रात कादंबरी म्हणून छापायला लागतो. हाही मेइजी काळाचाच वास. तेव्हाच्या वृत्तपत्रांना खुनी बायकांच्या कहाण्यांचं वेड होतं, त्यांना 'विषकन्या'सारखं नाव होतं: 'दोकुफु', विषारी बाई. १८७९ साली ताकाहाशी ओदेन या बाईचा खुनाबद्दल शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी कानागाकी रोबुन या लेखकाने तिच्यावर पुस्तक काढलं. त्याच्या नावात ओदेनला म्हटलंय 'याशा'. हा याशा म्हणजे आपला यक्ष! रागावलेल्या बाईला नाव द्यायची वेळ आली की जपानी लेखकांनी दोनदा आपल्या पुराणांतल्या कोठारातून माल उचलला, एकदा यक्ष आणि एकदा असुर.

शेवट घडतो तो रोकुमेइकानमध्ये. जोसाया काँडर या इंग्रज वास्तुरचनाकाराने १८८३ साली तोक्योत बांधलेली ही दिमाखदार इमारत. जपानवर लादलेले असमान तह बदलून घ्यायचे तर आपण पाश्चात्त्यांसारखेच सुसंस्कृत आहोत हे दाखवायला हवं, म्हणून तिथे जपानी मंत्री आणि त्यांच्या बायका घेरदार झगे नि कोट घालून नाचत. चित्रपटात तिथे मुखवट्यांचा नाच चाललेला असतो. रक्तकराच्या वर्षी गावकऱ्यांना लुबाडणारा चौघांतला म्होरक्या गिशिरो आता गब्बर होऊन याच झुंबरांखाली वावरतोय. युकी आपला किमोनो आणि छत्री घेऊन त्या झग्यांमधून चालत येते. गिशिरो वरून कोसळतो तेव्हा जपानी झेंडा त्याच्याबरोबर खाली येतो. तोही लाल आणि पांढराच.

पण युकीचा हिशेब संपला तरी दुसऱ्या कुणाचा तरी उघडलेला असतो. त्या तीन वैऱ्यांपैकी तिने पहिल्यांदा मारलेल्या बान्झोला एक मुलगी होती, कोबुए. बाप दारुडा, जुगारी, आणि त्याला पोसण्यासाठी पोर स्वतःला विकत होती. तरी तो तिचा बाप होता. रोकुमेइकानबाहेर बर्फात ती युकीच्या पोटात सुरा खुपसते आणि पळून जाते. युकी तिच्यावर तलवार उगारत नाही.

ती रांगत, धडपडत बर्फात पडते. पूर्ण चित्रपटभर जिने तोंडातून हुंदका काढला नव्हता ती आता ओरडते. मग सगळं शांत होतं. पांढऱ्यावर पांढरी, मेल्यासारखी निजलेली. हिमगौरीच्या गोष्टीत या ठिकाणी राजपुत्र येतो. इथे कुणी येत नाही. फक्त उजाडतं, आणि ती स्वतःच डोळे उघडते.