गडाखालची माणसे

दिवाळीत मातीचा किल्ला करताना आम्हा मुलांना घाई असे ती महाराजांना गडावर बसवण्याची. आजी मात्र म्हणे, “अरे, आधी खाली विहीर करा, पाणी भरणारी बाई ठेवा. नुसते महाराज बसवून गड चालत नाही.”

यंदाच्या दिवाळीत आजीचे हे बोलणे आठवले. नातवाने प्लास्टिकचे सुटे भाग जोडून स्पिटफायर विमान केले. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीचे. १९४१ साली स्कॉटलंडमधील कॅसलटाऊन येथे ही तुकडी नव्याने उभी राहिली आणि आपल्या संस्थानाच्या देणगीमुळे तिला ‘बडोदा’ हे नाव मिळाले. विमान मोठे देखणे झाले होते. मी सहज विचारले, “ह्यात पेट्रोल कोण भरणार?”

दुसऱ्या दिवशी त्याने कुठूनसा एअरफिक्स कंपनीचा जुना खोका पैदा केला. याच कंपनीने एके काळी आपले पहिले छोटे स्पिटफायर विकायला काढले होते. पुढे विमानतळावरच्या मोटारीही आल्या : पेट्रोलचे टँकर, रुग्णवाहिका, आगीचा बंब, मोडलेली विमाने उचलणारी क्रेन आणि ती वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर. ‘क्वीन मेरी’ या प्रचंड जहाजाचेच नाव सैनिकांनी त्या ट्रेलरला दिले होते.

आम्ही हिशेब मांडला. एईसी कंपनीच्या मोठ्या टँकरात २,५०० गॅलन पेट्रोल मावे. सुरुवातीच्या स्पिटफायरला लागे ८५ गॅलन. म्हणजे एका टँकरावर एकोणतीस विमाने आकाशात जात!

हे सारे जोडताना मला आमचे थोरले काका दिसत होते. युद्धात ते आसामकडील एका विमानतळावर होते. तिथे असले टँकर कुठले? चार गॅलनचे पत्र्याचे डबे हाताने उचलायचे आणि पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून भरायचे. मी शाळेत ठोकून दिले होते, काका वैमानिक होते म्हणून. एके दिवशी मित्र घरी आले आणि त्यांनी काकांना विचारले, “किती विमाने पाडलीत?” काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाले, “मी पेट्रोल भरीत असे, बाळांनो. त्यात थेंबभर पाणी गेले, तर वर गेलेला मुलगा परत येत नाही.”

मित्र हिरमुसले. मला त्या दिवशी काकांची लाज वाटली. आज वाटते ती माझी.

टेबलावर मांडामांड झाली तेव्हा नातू म्हणाला, “आजोबा, मोटारी जरा लहान वाटतात हो.” खरेच होते. विमान खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचे, मोटारी शहात्तराव्या. खेळण्यातल्या आगगाडीशेजारी शोभाव्यात म्हणून त्यांचे माप तसे धरलेले. विमानापुढे त्या पाच टक्क्यांनी कमीच पडायच्या.

मी काही बोललो नाही. नातवाने एक चिमुकला माणूस उचलला आणि विमानाच्या नाकापाशी चिकटवला.

“हे तुमचे काका,” तो म्हणाला.