चालता चालता बंद पडणारी जुनी पिकअप

आज विषय जुन्या डिझेल पिकअपचा, मेकॅनिकल पंपवाली, सेन्सर-बिन्सर नसलेली.

घाटात इंजिन बंद पडलं तर आधी ब्रेक. बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, त्यामुळे पॅडल सारखं मारत बसू नका. एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्या.

आता कारण. मी पहिल्यांदा एकच विचारतो, बंद कशी पडली? चावी फिरवल्यासारखी फटकन? मग वायरिंग बघा. बऱ्याच पंपांवर सोलेनॉइड असतो. त्याला करंट मिळाला तरच डिझेल पुढे जातं. वायर सैल झाली किंवा इग्निशन स्विच झिजला, की खेळ खल्लास.

पण आधी ओढ कमी झाली, झटके खाल्ले, मग बंद, आणि दहा मिनिटांनी परत चालू? तर डिझेल पोचत नाहीये. लगेच टाकीचं झाकण उघडा. सुस्स करत हवा आत गेली, तर झाकणाचं छिद्र बुजलंय. नाहीतर फिल्टरखालचा स्क्रू सोडून थोडं डिझेल बाटलीत काढा. पाणी असेल तर तळाशी बसतंच. हँड प्रायमर कितीही दाबला तरी मऊच? पाइपमधून हवा घुसतेय. तिथे डिझेल गळेलच असं नाही, कारण ती बाजू ओढणारी असते.

एवढं करूनही कळलं नाही, तर पंपाला थेट स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून पाइप जोडा आणि रेस देऊन बघा. इंजिन नीट चाललं, तर दोष टाकी ते पंप या वाटेतच आहे. मेकॅनिक पंप उतरवायची घाई करत असेल तर त्याला आधी हे करायला लावा. पंपाचं काम स्वस्तात होत नाही.