सुनेला प्रश्न विचारण्याआधी कॅलेंडर पाहा

लग्नाला वर्ष झालं की आपल्या वस्तीतही सुनेलाच विचारलं जातं, "अजून काही नाही का?" मग कुणी नवस सुचवतं, कुणी गंडा आणून देतं. धम्म आपल्याला आधी कारण शोधायला शिकवतो. म्हणून आम्ही सांगतो, बाबाकडे जाण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहा.

पाळीच्या ज्या दिवशी रक्तस्राव सुरू होतो, तो पहिला दिवस. त्यावर खूण करा. सलग तीन-चार महिने अशी खूण केली की आपलं चक्र किती दिवसांचं आहे ते कळतं. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडतं. म्हणजे २८ दिवसांचं चक्र असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास आणि ३२ दिवसांचं असेल तर अठराव्या. सगळ्या बायकांना चौदावाच दिवस लागू होत नाही.

स्त्रीबीज जेमतेम एक दिवस जगतं, पण पुरुषाचे शुक्रजंतू गर्भाशयात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस महत्त्वाचे. या दिवसांत एक दिवसाआड संबंध आला तरी पुरतं. नवरा कामासाठी पुण्याला असेल, तर त्याची सुट्टी याच दिवसांत कशी येईल ते दोघांनी मिळून ठरवावं.

शरीरही खूण देतं. या दिवसांत अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि निसरडा होतो, बोटांत ताणला तर तार धरतो. त्याला वास येत असेल, खाज सुटत असेल, तर तो आजार समजून दवाखान्यात जावं. औषधाच्या दुकानात लघवी तपासण्याची पट्टी मिळते. ती बीज सुटण्याच्या साधारण एक-दीड दिवस आधी कळवते. पीसीओडी असेल तर मात्र ती फसवू शकते. सकाळी उठण्याआधी ताप मोजण्याची पद्धतही आहे, पण तापमान वाढतं ते बीज सुटून गेल्यावर. आपल्या कुर्डुवाडीत रेल्वेमुळे अनेक घरांत रात्रपाळी असते. झोपेची वेळ बदलत राहिली की हे आकडे भरवशाचे राहत नाहीत.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. पाळी फार अनियमित असेल तर थांबूच नये. जाताना दोघांनी जावं. मूल न होण्यामागे बऱ्याचदा पुरुषाकडचंही कारण असतं आणि वीर्याची तपासणी सोपी, कमी खर्चाची असते. ती न करता बाईला वांझ म्हणणं हा अन्याय आहे. मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आधीपासूनच सुरू कराव्यात.

लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिलं म्हणून १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा बाबासाहेब त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. आपण निदान घरात तरी या विषयावर मोकळेपणाने बोलू या. पुढच्या पाळीची पहिली खूण नवऱ्याने स्वतः करावी, एवढीच आमची विनंती.

जयभीम!