शरणागताच्या अंगावर गणवेश : पात्रता कशी ठरावी?

भिलाई – वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाला, ही कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या कथेतला वाल्या शस्त्र टाकून तपाला बसतो. त्याच्या हाती पुन्हा शस्त्र देऊन त्याला वाटसरूंचा रक्षक नेमले जात नाही. छत्तीसगडमध्ये नेमके हेच घडले आहे. शरण आलेल्या नक्षलवाद्यांपैकी काहींना पोलीस दलात सामावून घेण्यात आले. काल ज्याची दहशत होती, तो आज रक्षकाच्या वारशाला पात्र ठरतो का, हा प्रश्न त्यातून उपस्थित झाला आहे.

भिलाईशी या प्रश्नाचा संबंध लोहखनिजामुळे येतो. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या येथील पोलाद कारखान्याला दल्ली-राजहराच्या खाणींनी खनिज पुरवले. तेथील साठे घटू लागल्याने कारखान्याची भिस्त रावघाटवर आली. कांकेर आणि नारायणपूर जिल्ह्यांतील हा भाग दीर्घकाळ नक्षलवाद्यांच्या प्रभावाखाली होता. रावघाटकडे जाणाऱ्या ९५ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचे कामही सशस्त्र बंदोबस्तात करावे लागले.

याच दोन जिल्ह्यांत २००८ मध्ये जिल्हा राखीव दल, म्हणजेच ‘डीआरजी’, प्रथम स्थापन झाले. त्यात स्थानिक तरुणांबरोबर शरणागत नक्षलवादीही आहेत. जंगलातील वाटा, गोंडी भाषा आणि नक्षलवाद्यांच्या डावपेचांची माहिती हे त्यांचे बळ. २१ मे २०२५ रोजी माओवादी पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशव राव याच दलाच्या कारवाईत मारला गेला.

या निवडीची किंमतही मोठी आहे. ६ जानेवारी २०२५ रोजी बिजापूर जिल्ह्यातील कुटरूजवळ झालेल्या भूसुरुंग स्फोटात आठ जवान आणि एक वाहनचालक ठार झाले. त्या जवानांपैकी पाच जण पूर्वाश्रमीचे नक्षलवादी होते.

सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी दिलेला निकाल येथे महत्त्वाचा ठरतो. अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना तुटपुंज्या मानधनावर ‘विशेष पोलीस अधिकारी’ नेमून लढाईत उतरवणे, हा त्यांच्या समतेच्या आणि जीविताच्या हक्काचा भंग असल्याचे न्यायालयाने म्हटले होते. त्यानंतर राज्य सरकारने कायदा करून सहायक सशस्त्र पोलीस दल उभारले.

राज्याच्या २०२५ च्या पुनर्वसन धोरणात शरणागत आणि नक्षलपीडित या दोघांचाही विचार आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना तोच धागा पकडावा लागेल. प्राण पणाला लावणाऱ्याच्या निष्ठेवर शंका घेणे अन्यायाचे आहे. पण शौर्याने जुन्या गुन्ह्यांचा हिशेब आपोआप मिटत नाही. गंभीर गुन्ह्यांचा निवाडा, पीडितांचे म्हणणे ऐकण्याची सोय, पूर्ण प्रशिक्षण आणि शस्त्राविना जगण्याचा खराखुरा पर्याय, या चार गोष्टी असतील, तरच तो गणवेश शरणागताने स्वेच्छेने घातला आणि समाजाने मान्य केला, असे म्हणता येईल.