हरण्याचे दुःख नाही, विचारले न जाण्याचे आहे

२२ मे २०२५ ची सकाळ. आमच्या चाळीतला एक कॉलेजकुमार तांबारलेले डोळे घेऊन नळावर उभा होता. रात्रभर जागून त्याने स्पेनमधल्या बिल्बाओ शहरातला युरोपा लीगचा अंतिम सामना पाहिला होता. त्याचा लाडका मँचेस्टर युनायटेड टॉटनहॅमकडून १-० ने हरला होता. मला पाहून म्हणाला, "काका, तुम्ही बी.कॉम. झालेले, रोज हिशेबात असता. मग सांगा, एवढा पैसेवाला क्लब असा बुडतो कसा?"

प्रश्न पोरकट नव्हता. त्या हंगामात या क्लबने लीगमधल्या ३८ सामन्यांपैकी १८ गमावले, फक्त ११ जिंकले आणि तो १५ व्या क्रमांकावर राहिला. १९७४ मध्ये खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, त्यानंतरची ही सर्वात वाईट अवस्था.

वाचकहो, हा क्लब कोणी काढला हे आधी पाहू. १८७८ साली मँचेस्टरजवळच्या न्यूटन हीथ येथे रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी तो सुरू केला. आपल्या माटुंग्याच्या वर्कशॉपसारखेच ते ठिकाण. दिवसभर घाम गाळायचा आणि सुटीच्या दिवशी चेंडू लाथाडायचा. १९०२ मध्ये त्याचे नाव मँचेस्टर युनायटेड झाले. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात त्याचे आठ खेळाडू गेले. त्या राखेतून उठून दहाच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याने युरोपियन कप जिंकला. पुढे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या जहाजबांधणी कामगाराच्या मुलाने १९८६ ते २०१३ या काळात प्रशिक्षक म्हणून १३ वेळा लीग जिंकून दिली. २०१३ नंतर मात्र लीगचे विजेतेपद क्लबकडे फिरकलेले नाही.

आता हिशेबाकडे वळू. २००५ साली अमेरिकेतील माल्कम ग्लेझर यांच्या कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब ताब्यात घेतला. यातला मोठा भाग त्यांनी कर्जातून उभा केला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवले. तोवर क्लब कर्जमुक्त होता. सोपे उदाहरण देतो. समजा एखाद्या परक्या माणसाने तुमची खोली विकत घेतली, त्यासाठी बँकेतून कर्ज काढले आणि हप्ते तुमच्या पगारातून कापले जाऊ लागले. राबायचे तुम्ही, हप्ते तुमचे, मालकी मात्र त्याची! तिकिटे, जाहिराती आणि टीव्हीच्या उत्पन्नातले कोट्यवधी पौंड वर्षानुवर्षे व्याजापायी गेले. तिकडे ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान जुने होत गेले. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर त्याच्या छपरातून धबधब्यासारखे पाणी कोसळताना जगाने पाहिले.

पण न्यायाने बोलायचे तर सारा दोष कर्जाचाच नाही. कर्ज असतानाही फर्ग्युसन यांनी २००८ मध्ये युरोप जिंकून दाखवले. त्यांच्यानंतर क्लबने खेळाडूंवर थोडाथोडका पैसा ओतलेला नाही. एक प्रशिक्षक आणायचा, त्याच्या पसंतीचे खेळाडू घ्यायचे, त्याला घालवायचे, मग दुसऱ्याने नवे मागायचे. दर दोन-तीन वर्षांनी पाया उकरला तर इमारत उभी राहील कशी? पैशाची उणीव नव्हती, उणीव होती ती धोरणाची.

मग झळ कोणाला बसली? २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतीने क्लबचा चौथ्या हिश्शाहून अधिक वाटा घेतला आणि खेळाचा कारभार हाती घेतला. त्यानंतर सुमारे २५० नोकऱ्या गेल्या. २०२५ मध्ये आणखी १५० ते २०० पदे कमी करण्याचे जाहीर झाले. त्याच हंगामाच्या मध्यावर उरलेली तिकिटे सरसकट ६६ पौंडांना केली गेली. मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांनाही नाही. चुकीचे निर्णय वरच्यांचे, काटकसर मात्र खालच्यांची. ही गोष्ट आपल्याला नवी आहे का?

पाठीराखे गप्प बसले नाहीत. २०१० मध्ये हजारो लोक लाल रंग सोडून हिरवे-सोनेरी मफलर घालून मैदानात आले. ते न्यूटन हीथचे, म्हणजे जुन्या कामगारांचे रंग. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपापसात वेगळी सुपर लीग काढण्याचा घाट घातला. तिच्यात संस्थापक क्लबांच्या जागा कायमच्या राखीव होत्या, कितीही हरले तरी! लोक संतापले आणि दोन-तीन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले. पुढे २ मे रोजी निदर्शक ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलबरोबरचा सामना पुढे ढकलावा लागला.

सर्वात वेगळी वाट मात्र काहींनी २००५ मध्येच धरली. त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब स्थापला. तिथे नियम एकच, एक सभासद एक मत. वर्गणी जास्त दिली म्हणून मत वाढत नाही. उलट मोठ्या क्लबचे शेअर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आले तेव्हा मालक कुटुंबाच्या एका शेअरला दहा मते आणि सामान्य माणसाच्या शेअरला एक, अशी व्यवस्था केली गेली. हा नवा क्लब लहान आहे, खालच्या श्रेणीत खेळतो. पण २०१५ मध्ये त्याने मॉस्टन भागात स्वतःचे मैदान उभे केले. जुन्या न्यूटन हीथपासून ते फार लांब नाही.

मी त्या मुलाला हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काका, मी टीम बदलू का?"

मी म्हटले, "नको रे बाबा. माया अशी बदलता येत नाही. हरलेल्या संघाबरोबर उभे राहण्यात कमीपणा नाही. फक्त टाळ्या वाजवतो तसा हिशेबही मागायला शीक."

हेच आपणा सर्वांना लागू आहे. आपल्या चाळ कमिटीची, पतपेढीची, मंडळाची वार्षिक सभा असते. किती जण जातो? ताळेबंद हातात घेऊन किती जण प्रश्न विचारतो? संस्था एका दिवसात हातची जात नाही. आपण विचारणे सोडतो, त्या दिवसापासून ती जाऊ लागते. पुढच्या सभेला घरातल्या तरुण मुला-मुलींनाही सोबत न्या. त्यांनाही प्रश्न विचारू द्या.